उच्च न्यायालयांतील न्यायाधीशांची निवड : विचारसरणी, पक्षसंबंध आणि निःपक्षपात

राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 ने उच्च न्यायालयांना शासनाच्या बेकायदा कृतीविरुद्ध आदेश देण्याचा अधिकार दिला असून, मूलभूत हक्कांबरोबरच इतर कायदेशीर हक्कांसाठीही तो वापरता येत असल्याने त्याची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाच्या अनुच्छेद 32 खालील अधिकारापेक्षाही मोठी आहे. स्थानबद्धता, भूसंपादन, आरक्षण, विद्यापीठे, स्थानिक स्वराज्य संस्था अशा ज्या ज्या बाबतींत नागरिक आणि सरकार समोरासमोर येतात, त्यांतील बहुतेक वादांचा निवाडा देशातील 25 उच्च न्यायालयांतच होतो आणि सरकार हाच तेथील सर्वांत मोठा पक्षकार असतो. त्यामुळे या न्यायासनावर कोणी बसावे हे ठरवण्यात सरकारचा वाटा किती असावा, आणि उमेदवाराची राजकीय मते त्या निर्णयात मोजली जावीत की नाही, हा वाद प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून आजवर मिटलेला नाही.

या वादात तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली विचारसरणी, म्हणजे समाज, अर्थव्यवस्था, धर्म आणि राज्यसंस्था यांच्याविषयी व्यक्तीने बाळगलेली सर्वसाधारण भूमिका. दुसरी पक्षसंबंध, म्हणजे एखाद्या राजकीय पक्षाचे सदस्यत्व, पद, उमेदवारी किंवा प्रवक्तेपण. आणि तिसरी पूर्वग्रह, म्हणजे समोरच्या विशिष्ट पक्षकाराविषयी किंवा प्रश्नाविषयी युक्तिवाद ऐकण्यापूर्वीच मत बनलेले असणे. पहिली गोष्ट प्रत्येक विचारी माणसात असतेच, दुसरी काहींच्या बाबतीत असते, आणि न्यायदानाला खरा धोका तिसरीपासून असतो. पहिल्या दोहोंवरून तिसरीचे अनुमान कितपत काढता येते, ते काढण्याचा अधिकार कोणाला असावा आणि त्याची कारणे कोणापुढे मांडली जावीत, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा वारसा

1862 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाचा आरंभीचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. या न्यायालयावर नेमल्या गेलेल्या पहिल्या पिढीतील भारतीय न्यायाधीशांपैकी अनेक जण सार्वजनिक जीवनात मुरलेले होते. 1889 मध्ये न्यायाधीश झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे काँग्रेसच्या स्थापनेत सहभागी होते, 1893 मध्ये त्यांच्या जागी आलेले महादेव गोविंद रानडे हे सामाजिक आणि आर्थिक सुधारणांचे अग्रणी होते, 1895 मध्ये नेमले गेलेले बद्रुद्दीन तय्यबजी 1887 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आणि नारायण गणेश चंदावरकर तर 1900 च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवून पुढच्याच वर्षी न्यायासनावर आले. नेमणुका इंग्लंडच्या राजसत्तेकडून होत आणि न्यायाधीश तिच्या मर्जीपर्यंतच पदावर राहत. तरीही त्यांची मते जगजाहीर असणे ही त्यांच्या नियुक्तीतील अडचण ठरली नाही.

पूर्वायुष्यावरून निकालाचे भाकीत करणे किती फसवे असते, हेही याच न्यायालयाच्या इतिहासात दिसते. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला, तेव्हा त्यांना जामीन दिला तो तय्यबजी यांनी, आणि टिळकांच्या वतीने जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, 1908 च्या खटल्यात, तेच दावर न्यायाधीश म्हणून बसले असताना त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि ज्यूरीच्या बहुमताच्या निर्णयानंतर सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. काँग्रेसचे माजी अध्यक्ष असलेल्या न्यायाधीशाने कायद्याच्या चौकटीत स्वातंत्र्याचा पक्ष राखला आणि आरोपीचे माजी वकील असलेल्या न्यायाधीशाने कठोर शिक्षा दिली. दोघांच्याही आधीच्या संबंधांवरून त्यांचे निर्णय सांगता आले नसते.

घटनेची चौकट

अनुच्छेद 217 नुसार उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यापूर्वी भारताचे सरन्यायाधीश, राज्याचे राज्यपाल आणि संबंधित उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांचा विचार घेणे आवश्यक असते. उमेदवार भारताचा नागरिक असावा आणि त्याने किमान दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेले असावे किंवा उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी, एवढीच पात्रता घटना सांगते. विचारसरणी किंवा पक्षसंबंध यांविषयी ती काहीही बोलत नाही. निःपक्षपाताची हमी घटनेने शोधली ती तिसऱ्या अनुसूचीतील शपथेत, 62 वर्षांपर्यंतच्या निश्चित कार्यकाळात, आणि संसदेच्या विशेष बहुमताशिवाय पदावरून दूर न करता येण्याच्या तरतुदीत, म्हणजेच नियुक्तीनंतरच्या संरक्षणात.

24 मे 1949 रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा सरन्यायाधीशांची सहमती बंधनकारक करण्याची सूचना पुढे आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. नेमणुका केवळ मंत्रिमंडळाच्या हाती देणे जसे धोक्याचे, तसे अमेरिकेप्रमाणे त्या कायदेमंडळाच्या मंजुरीवर सोपवल्यास त्यांत राजकीय दडपण शिरण्याचा धोका असतो. आणि सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी सर्वसामान्य माणसांचे दोष त्यांच्यातही असतात, म्हणून त्यांना नकाराधिकार देणेही योग्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सल्लामसलतीचा मधला मार्ग त्यांनी निवडला, परंतु तो मार्ग सरकार आणि न्यायपालिका या दोहोंच्या संयमावर विसंबून होता. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1958 मध्ये सादर केलेल्या चौदाव्या अहवालात प्रादेशिक, जातीय आणि राजकीय विचारांनी उच्च न्यायालयांच्या नेमणुकांत शिरकाव केल्याची खंत नोंदवली, याचा अर्थ हा संयम पहिल्या दशकातच सुटू लागला होता.

‘बांधील’ न्यायव्यवस्थेचा आग्रह

विचारसरणी हा निवडीचा उघड निकष असावा, अशी भूमिका सरकारच्या वतीने मांडली गेली ती 1973 मध्ये. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल 24 एप्रिलला लागला आणि त्यानंतर लगेचच न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत या निर्णयाचे समर्थन करताना न्यायाधीशाचे जीवनविषयक तत्त्वज्ञान आणि दृष्टिकोन पाहण्याचा सरकारला अधिकार असल्याचे प्रतिपादन केले. या भूमिकेत एक बिनतोड भाग होता, तो असा की मालमत्ता, समता आणि स्वातंत्र्य यांचा अर्थ लावताना न्यायाधीशाची जीवनदृष्टी काम करतेच. परंतु ती दृष्टी योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याविरुद्ध निकाल लागायचा त्याच पक्षकाराच्या हाती गेला की बांधिलकी घटनेशी न राहता सत्तेशी जडते, आणि पुढील चार वर्षांत ते स्पष्ट झाले.

आणीबाणीत अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकण्याचा आपला अधिकार कायम असल्याचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी जबलपूर खटल्यात ते मत खोडून काढले आणि एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी भिन्नमत नोंदवले. त्याच वर्षी उच्च न्यायालयांच्या 16 न्यायाधीशांच्या त्यांच्या संमतीविना बदल्या झाल्या. अतिरिक्त न्यायाधीश, म्हणजे अनुच्छेद 224 खाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमले जाणारे न्यायाधीश, तर आणखीच असुरक्षित होते. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात निर्णय देणाऱ्या दिल्लीच्या पीठातील न्या. आर. एन. अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीशपदी जावे लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील न्या. यू. आर. लळीत यांना कायम करण्यात आले नाही.

आणीबाणी संपली तरी ही प्रवृत्ती संपली नाही. 18 मार्च 1981 रोजी केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी परिपत्रक काढून अतिरिक्त न्यायाधीशांकडून परराज्यातील नियुक्तीसाठी संमती मागवली, आणि त्या परिपत्रकाला आव्हान देणाऱ्यांत मुंबईतील इक्बाल छागला आणि त्यांचे सहकारी वकील आघाडीवर होते. 30 डिसेंबर 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालाने वकिलांचा असा दावा आणण्याचा अधिकार मान्य केला खरा, परंतु नियुक्तीचा अंतिम शब्द सरकारचाच, असे ठरवले.

न्यायवृंद आणि अपारदर्शकतेची किंमत

6 ऑक्टोबर 1993 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा निकाल उलटवला आणि नियुक्तीत सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले. हे मत त्यांचे एकट्याचे नसून ज्येष्ठ सहकाऱ्यांसह बनवलेले असावे, असेही सांगितले. 28 ऑक्टोबर 1998 च्या सल्लामतानंतर या रचनेला आजचे रूप आले. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती नावे सुचवतात, मुख्यमंत्री आणि राज्यपाल यांच्या अभिप्रायासह ती केंद्राकडे जातात, गुप्तवार्ता विभाग उमेदवाराची चौकशी करतो, आणि सरन्यायाधीश व सर्वोच्च न्यायालयातील दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती मिळून, म्हणजेच न्यायवृंद, अंतिम शिफारस करतात. केंद्राला एकदा फेरविचारासाठी नाव परत पाठवता येते. न्यायवृंदाने त्याचा पुनरुच्चार केल्यास नियुक्ती बंधनकारक मानली जाते.

या व्यवस्थेने सरकारचा एकाधिकार मोडला, परंतु निकष लिहून ठेवले नाहीत, आणि बंद दाराआडच्या निवडीवर मर्जी, नातेसंबंध आणि एकाच सामाजिक वर्तुळाचा पगडा असल्याचा आक्षेप वाढत गेला. 2018 पासून नेमल्या गेलेल्या उच्च न्यायालयीन न्यायाधीशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सर्वसाधारण प्रवर्गातील असल्याचे सरकारने संसदेत दिलेल्या माहितीवरून दिसते, आणि ही बाब विचारसरणीच्या चर्चेपासून वेगळी काढता येत नाही. कारण एकाच थरातून आलेल्या माणसांची मते त्या थराला स्वाभाविक वाटत असल्याने ती मते म्हणून ओळखलीच जात नाहीत. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणणारी 99 वी घटनादुरुस्ती 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द झाली, तेव्हा एकमेव भिन्नमत नोंदवणारे न्या. चेलमेश्वर यांनी नेमके पारदर्शकतेच्या अभावावर बोट ठेवले होते. त्या आयोगातील सहा सदस्यांपैकी कोणाही दोघांना नाव अडवता येणार होते आणि कायदामंत्री त्यांत असल्याने सरकारचा प्रभाव वाढण्याची भीती निराधार नव्हती. परंतु आयोग गेला तरी जुन्या पद्धतीतील दोष जागेवरच राहिले.

राजकारणातून आलेले न्यायाधीश

पक्षसंबंध असलेल्या व्यक्तीला न्यायाधीश करावे काय, या प्रश्नाला इतिहासाने एकच उत्तर दिलेले नाही. 1957 च्या केरळमधील पहिल्या साम्यवादी सरकारात मंत्री असलेले व्ही. आर. कृष्ण अय्यर 1968 मध्ये तेथील उच्च न्यायालयात आले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांनी कैदी व गरीब पक्षकारांसाठी न्यायाची दारे उघडली. 24 जून 1975 रोजी इंदिरा गांधींच्या अर्जावर त्यांनी दिलेली स्थगिती सशर्तच होती. के. एस. हेगडे 1952 ते 1957 या काळात काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते आणि त्यानंतर म्हैसूर उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. पण 1973 मध्ये काँग्रेस सरकारने ज्यांना डावलले त्यांत तेही होते, म्हणजे आधीच्या पक्षनिष्ठेने त्यांच्या निकालांवर ताबा मिळवला नव्हता. 1977 मध्ये गोव्यात जनता पक्षाचे आमदार झालेले फेर्दिनो रिबेलो यांनी पुढे मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ काम केले आणि ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

याउलट बहरुल इस्लाम यांचे उदाहरण आहे. काँग्रेसचे राज्यसभा सदस्यत्व सोडून ते 1972 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयात आले, तेथून निवृत्त झाल्यावर 1980 मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमण्यात आले, आणि 1983 मध्ये राजीनामा देऊन ते पुन्हा त्याच पक्षाकडून राज्यसभेत गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च 2024 मध्ये पदत्याग करून भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक जिंकली. या दोन उदाहरणांत दिसणारी अडचण पूर्वायुष्याइतकीच पुढच्या वाटेची आहे, कारण न्यायासनावरून थेट पक्षाच्या व्यासपीठावर जाता येते हे दिसल्यावर आधीच्या निकालांकडेही लोक शंकेने पाहू लागतात, आणि ती शंका खरी असो वा नसो, न्यायालयाची हानी करतेच.

शिवाय पक्षसंबंधाची रेषा दिसते तितकी ठळक नाही. उच्च न्यायालयांत वकीलवर्गातून येणाऱ्या न्यायाधीशांपैकी अनेकांनी आधी सरकारी वकील म्हणून काम केलेले असते, आणि सरकार बदलले की सरकारी वकिलांची यादीही बदलते हा सर्वत्रचा अनुभव आहे. पक्षाचे पद कधीच न स्वीकारता सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने अशी यादी गाठलेला वकील कागदावर तटस्थ ठरतो आणि उघडपणे पक्षाचे काम केलेला वकील संशयित ठरतो. अशा वेळी केवळ उघड संबंधांवर बंदी घातल्यास प्रामाणिकपणाला दंड आणि लपवाछपवीला बक्षीस मिळण्याचा धोका आहे.

2023 मधील विसंगती

जानेवारी 2023 मध्ये न्यायवृंदाने प्रसिद्ध केलेल्या ठरावांमुळे हा सारा प्रश्न प्रथमच कागदोपत्री लोकांसमोर आला. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांनी समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांविषयी मते मांडल्याचा आक्षेप केंद्राने घेतला होता. मत मांडल्याने कोणी अपात्र ठरत नाही, असे सांगून न्यायवृंदाने त्यांच्या नावाचा पुनरुच्चार केला आणि अखेर नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांची नियुक्ती झाली. मद्रासचे वकील जॉन सत्यन यांच्याविरुद्धचा आक्षेप असा होता की त्यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा लेख समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता. न्यायवृंदाने तो फेटाळला आणि नंतर शिफारस झालेल्यांच्या आधी त्यांची नियुक्ती व्हावी असेही सुचवले. तथापि त्याच न्यायालयासाठी नंतर शिफारस झालेल्या व्हिक्टोरिया गौरी यांनी 7 फेब्रुवारीला शपथ घेतली आणि सत्यन मागेच राहिले.

गौरी या भारतीय जनता पक्षाच्या महिला आघाडीच्या पदाधिकारी होत्या आणि अल्पसंख्याक समाजांविषयी त्यांनी केलेल्या जाहीर विधानांवर मद्रासमधील वकिलांचा आक्षेप होता. त्यांच्या नियुक्तीविरुद्धची याचिका न्या. संजीव खन्ना आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने फेटाळली. पात्रता, म्हणजे घटनेने सांगितलेल्या किमान अटी, न्यायालयाला तपासता येतात; योग्यता, म्हणजे व्यक्ती त्या पदाला साजेशी आहे की नाही, हे मात्र सल्लामसलतीचे क्षेत्र आहे, हा 2009 च्या महेशचंद्र गुप्ता निकालातील भेद त्यासाठी आधार ठरला. रिपब्लिकन चळवळीचे नेते रा. सू. गवई यांचे पुत्र असलेल्या न्या. गवई यांनी सुनावणीत आपल्याही राजकीय पार्श्वभूमीचा उल्लेख केला आणि ती दोन दशकांच्या न्यायदानात आड आली नसल्याचे सांगितले. हे म्हणणे आपल्या जागी योग्य आहे; परंतु पक्षसंबंध असणे आणि एखाद्या समाजाविषयी वैरभाव व्यक्त केल्याचा आरोप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची छाननी शिफारशीपूर्वी झाली होती काय, हे ठरावातून कळत नाही. 2025 मध्ये भारतीय जनता पक्षाच्या महाराष्ट्रातील माजी प्रवक्त्या आरती साठे यांची मुंबई उच्च न्यायालयासाठी शिफारस झाली, तेव्हा विरोधी पक्षांनी असाच आक्षेप घेतला. त्यांनी प्रवक्तेपद आधीच सोडलेले होते, परंतु पद सोडल्यावर किती काळ जावा याचा लिखित नियम नसल्याने चर्चा व्यक्तीभोवतीच फिरत राहिली.

विलंब, विभाजन आणि बदली

नकार देण्याचा अधिकार नसतानाही सरकारला पसंती राबवता येते, ती वेळेच्या साधनाने. एकाच यादीतील काही नावे मंजूर करायची आणि काही अनिश्चित काळ बाजूला ठेवायची, याला विभाजन म्हणतात. उच्च न्यायालयातील ज्येष्ठता शपथेच्या तारखेवरून ठरत असल्याने काही महिन्यांचा उशीरही पुढे मुख्य न्यायमूर्तिपदाची किंवा सर्वोच्च न्यायालयाची संधी हिरावू शकतो, आणि ताटकळलेले अनेक वकील कंटाळून संमती मागे घेतात. 20 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासाठी कालमर्यादा सुचवली आणि पुनरुच्चार झालेल्या नावांची नियुक्ती तीन ते चार आठवड्यांत व्हावी असे सांगितले, पण ती पाळली जात नाही.

बदलीचेही तसेच आहे. 2010 मध्ये गुजरातच्या माजी गृहराज्यमंत्र्यांना केंद्रीय अन्वेषण विभागाच्या कोठडीत पाठवणारे न्या. अकिल कुरेशी यांची मे 2019 मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी शिफारस झाली. केंद्राने ती परत पाठवली आणि न्यायवृंदाने ती बदलून त्यांना त्रिपुरात पाठवले. कारणे प्रसिद्ध झाली नाहीत, आणि जेथे कारण नसते तेथे राजकीय अर्थ लावला जाणे अटळ असते.

पुढची दिशा

इतर लोकशाही देशांनी या प्रश्नाला वेगवेगळी वळणे दिली आहेत. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्याने स्थापन झालेला निवड आयोग 2006 पासून जाहिरात, अर्ज आणि मुलाखत या मार्गाने निवड करतो आणि त्याचे अध्यक्षपद कायद्याच्या व्यवसायाबाहेरील व्यक्तीकडे असते; दक्षिण आफ्रिकेत न्यायिक सेवा आयोग उमेदवारांच्या मुलाखती जाहीरपणे घेतो, आणि त्यांत राजकीय पक्षांचे प्रतिनिधीही बसतात. या रचना जशाच्या तशा भारतात आणणे शक्य नाही, पण निवड कोणत्या कसोटीवर झाली हे लोकांना आधी माहीत असावे, हे त्यांतील समान सूत्र येथेही लागू पडते.

त्या दृष्टीने पाच गोष्टी घटनादुरुस्तीशिवायही शक्य आहेत. उमेदवाराने आपले पक्षसंबंध, सरकारी वकिलीची पदे आणि जाहीर लेखन यांची माहिती स्वतःहून द्यावी. पक्षपद सोडणे आणि न्यायासनावर येणे, तसेच न्यायासन सोडणे आणि निवडणूक लढवणे किंवा सरकारी नियुक्ती स्वीकारणे, यांच्यामध्ये ठरावीक अंतर असावे. यातील दुसऱ्या भागासाठी कायदा होईपर्यंत न्यायाधीशांनी आपसांत संकेत पाळावा. सरकारवरील टीका किंवा सरकारची स्तुती यांपैकी काहीही अपात्रता ठरू नये, परंतु जात, धर्म, लिंग यांवरून माणसांना कमी लेखणारी विधाने मात्र तशी ठरावीत आणि हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू असावा. सरकारचे आक्षेप आणि न्यायवृंदाची उत्तरे लिखित असावीत आणि उमेदवाराची प्रतिष्ठा सांभाळून प्रसिद्ध व्हावीत. ठरलेल्या मुदतीत आक्षेप न आल्यास संमती गृहीत धरली जावी. डिसेंबर 2024 पासून न्यायवृंदाने उमेदवारांशी प्रत्यक्ष संवाद सुरू केला आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिफारशींचा तपशील संकेतस्थळावर ठेवला, ही या दिशेने पडलेली स्वागतार्ह पावले आहेत, मात्र ती त्या त्या सरन्यायाधीशांच्या इच्छेवर अवलंबून राहू नयेत.

विचारसरणी नसलेला न्यायाधीश शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, आणि सोयीची विचारसरणी असलेला न्यायाधीश शोधण्याचा प्रयत्न घातक आहे. शोध घ्यायचा तो अशा व्यक्तीचा, जी आपली मते ओळखते, त्यांच्याविरुद्ध जाणारा युक्तिवाद पूर्ण ऐकते, आणि आपल्याला न आवडणाऱ्या पक्षकारालाही कायद्याने जे देणे लागते ते कारणांसह देते. हा गुण वर्तनातून दिसतो, म्हणून त्याची पारख उमेदवाराच्या कामाच्या नोंदीवरच व्हायला हवी. न्यायाधीशाने प्रत्येक निकालाची कारणे लिहिलीच पाहिजेत, असे कायदा सांगतो. न्यायाधीश निवडणाऱ्यांनी आणि ती निवड अडवणाऱ्यांनीही हेच बंधन स्वीकारले, तर पक्षपाताचे आरोप पूर्णपणे थांबणार नाहीत, पण ते पुराव्यावर तपासता येतील, आणि घटनेने न्यायपालिकेकडून अपेक्षिलेल्या निःपक्षपाताची खात्री नागरिकांना विश्वासाबरोबरच स्वतःच्या डोळ्यांनीही पटवून घेता येईल.